मडमची चिकचिक

एल्बिओ तेचेराच्या शेडमध्ये गाडीचा आवाज शब्दांत सांगायला बंदी होती.

कुणी “मागून जरा खडखड...” असं म्हणत आत शिरलं, की गाडीखालून एल्बिओचा एक काळाकुट्ट हात तेवढा बाहेर यायचा आणि त्याची बोटं बदकाच्या चोचीसारखी उघडमीट करायची. म्हणजे वर्णन नको, तोंडाने काढून दाखवा. उरुग्वेतल्या कार्मेलो गावातल्या भल्याभल्यांनी त्या तेलकट फरशीवर उभं राहून गाल फुगवले होते. नोटरीसाहेब, ज्यांच्या सहीशिवाय गावात कोंबडीसुद्धा हात बदलत नसे, ते टाय सैल करून, डोळे मिटून “घुंऽऽव, घुंऽऽव” करायचे आणि डावं वळण आलं की स्वतःही डावीकडे कलायचे. एल्बिओ खालूनच सांगायचा, उजव्या चाकाचं बेअरिंग गेलं. फादरांच्या गाडीचे क्राउन-पिनियन झिजले होते, तर फादरांनी तो आवाज असा लांबवून, असा आळवून लावला की रस्त्याने जाणाऱ्या दोन बायकांनी बाहेरूनच छातीवर क्रूस काढला. एल्बिओने विचारलं, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर रडते की सोडल्यावर? सोडल्यावर, असं फादर म्हणाले. तेव्हा एल्बिओ म्हणाला की सोडून गेल्यावर रडणाऱ्यांचं सांत्वन हे खरं तुमचं खातं, पण आणा, बघतो.

एकदा बँकेचे मॅनेजर आले. नवे होते, राजधानीतून बदलून आलेले. त्यांनी खाकरून सांगितलं की गिअर टाकताना एक प्रकारचं धातूचं कंपन जाणवतं.

“हे तुमचं मत झालं,” एल्बिओ म्हणाला. “आवाज काढा.”

मॅनेजर तडक निघून गेले. आठवडाभराने परत आले, आजूबाजूला कुणी नाही हे दोनदा पाहिलं, आणि तोंडावर हात धरून हळूच “टण्ण” म्हणाले. प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची फिरकी मागच्या चाकांना पोचवणाऱ्या दांड्याचा, क्रॉस होता. तेव्हापासून ते गावाचे झाले.

एल्बिओचं म्हणणं साधं होतं. शब्द खोटं बोलतात, घसा बोलत नाही. माणूस ‘खडखड’ म्हणतो तेव्हा त्याला खुळखुळ म्हणायचं असतं, आणि ‘कुरकुर’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो बायकोबद्दल बोलत असतो. पण तोंडाने काढायला लावलं की आवाजाची सगळी जात उघडी पडते. गाडीच्या वेगाबरोबर वाढतो की इंजिनाच्या वेगाबरोबर, वळणावर जागा होतो की चढावर, क्लच दाबला की दम खातो की नाही. इंजिनाबरोबर वाढला तर पुढचं दुखणं, चाकांबरोबर वाढला तर मागचं. मग मधल्या गल्ल्या तपासायच्या, गिअरबॉक्स, शाफ्ट, हाउसिंग, एक्सल. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून तो एकेका दाराशी कान लावायचा आणि चोर कुठल्या घरात आहे ते सांगायचा.

हे कान त्याला बापाकडून मिळाले होते. बाप वाळूच्या बार्जवर इंजिनवाला होता. नदी ओलांडून ब्युनोस आयर्सला वाळू न्यायची, रिकामं परत यायचं. त्या इंजिनाशेजारी बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून बापलेक एकमेकांशी इंजिनाच्याच आवाजात बोलायचे. घरी आल्यावर जेवताना मीठ हवं असलं तरी बाप “धक्-धक्-धक्” करून मिठाच्या दिशेने हनुवटी करायचा. आई म्हणायची, या घरात मी एकटीच माणूस आहे.

आणि बायकोही त्याला कानानेच मिळाली. निबियाच्या वडिलांचा दुधाचा ट्रक होता. ट्रक रस्त्यात बंद पडला म्हणून वडिलांनी तिला चालत पाठवलं. विशीतली पोरगी, उन्हाने लाल झालेली, शेडच्या दारात उभी राहिली. एल्बिओने बोटांची चोच केली. तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, बाही वर सारली आणि सुरुवातच केली: स्टार्टरची कण्हती लकेर, इंजिनाचं पकडणं, पहिला गिअर, दुधाच्या कॅनांचा किणकिणाट, दुसरा गिअर, मग चढ, आणि चढावर तो “ख्र्ररक्, ख्र्ररक्”, मग वडिलांच्या तोंडच्या दोन शिव्या, मग शांतता. एल्बिओने पान्हा खाली ठेवला. त्याने त्या दिवशी क्लच प्लेट बदलली आणि पुढल्या रविवारी नवा शर्ट घालून दूध आणायला गेला. त्याच्या घरी दूध पीत कुणीच नव्हतं.

अशी चाळीसएक वर्षं गेली. मुलगी झाली, ग्रिसेल्दा. ती शिकली, माँतेविदेओला नोकरीला लागली, सातव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन स्थायिक झाली. एल्बिओची शेड मात्र होती तिथेच, झुलत्या पुलाच्या अलीकडे, पिंपळाएवढ्या पसरलेल्या ओम्बूच्या झाडाखाली.

मग रातकिडे गेले.

एका संध्याकाळी अंगणात बसल्याबसल्या एल्बिओने विचारलं, यंदा रातकिडे कसे नाहीत. निबिया शेंगा सोलत होती. अंगणात रातकिड्यांनी असा उच्छाद मांडला होता की तिला स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं.

“दुष्काळाने मेले असतील, म्हाताऱ्या,” ती म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

मग किटलीची शिट्टी गेली. मग शेजारच्या कॅनरीने गाणं टाकलं, निदान एल्बिओला तसं वाटलं, आणि त्याने शेजाऱ्याकडे पक्ष्याच्या तब्येतीची आपुलकीने चौकशीही केली. जाड आवाज सगळे शाबूत होते. ढोल, ट्रक, नोटरीसाहेब, सगळे नीट ऐकू येत. पातळ, टोकदार आवाज तेवढे एकेक करून गाव सोडून गेले होते. हे कळल्यावर एल्बिओ मनातून हबकला. पण बाहेर कुणाला पत्ता लागलेला दिसला नाही, कारण त्याच्या शेडमध्ये गाड्यांचा आवाज गाड्या नाही, माणसं काढत. आणि माणसांचे घसे जाड असतात. जो नियम त्याने ऐटीत बसवला होता, तोच आता त्याची लाज राखत होता.

सुल्मा ओद्रिओसोला आल्या, तोपर्यंत.

गाव त्यांना दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणे; दोन्या सुल्मा म्हणजे भूगोलाच्या निवृत्त बाई. अर्ध्या गावाने त्यांच्या छडीसमोर नद्यांची नावं पाठ केलेली. त्यांचे यजमान दॉन अनास्तासिओ गुरांचे डॉक्टर. मागे ठेवून गेले ते एक घर, माटे, म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा चहा, भोपळ्याच्या वाटीतून ओढायची एक चांदीची नळी आणि एक गाडी. गाडी इंग्लंडातली, दोघांपुरती, उघड्या टपाची, लाल, पुढे दोन गोल डोळे आणि एक ठेवणीतलं हसू. गावात तिला सगळे मडम म्हणत. दोन्या सुल्मा डोक्याला रुमाल बांधून, पाठ ताठ ठेवून तिच्यातून बाजाराला जात आणि मधल्या कुणालाही मान हलवून नमस्कार करत, जसं काही परेडच चालली आहे.

नळीची कथाही गावाला ठाऊक होती. मागल्या ईस्टरपासून ती नाहीशी होती. दॉन अनास्तासिओंची अक्षरं कोरलेली, खाली गाळणीचा फुगीर कांदा, वर सोन्याची कड. दोन्या सुल्मांचा ठाम संशय समोरच्या घरात राहणाऱ्या नणंदेवर, ओफेलियावर होता. त्या दिवशी ओफेलिया माटे प्यायला आली होती, आणि भावाच्या वस्तूंवर तिचा पहिल्यापासून डोळा होता. दोघी तेव्हापासून बोलत नव्हत्या. दोन्या सुल्मा आता पत्र्याच्या नळीने माटे पीत आणि प्रत्येक घोटाला समोरच्या खिडकीकडे बघत.

फेब्रुवारी होता, कार्निवालचे दिवस. येत्या रविवारी चौकात जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. मडम दरवर्षी सगळ्यांत पुढे असायची.

“मास्तर,” दोन्या सुल्मा म्हणाल्या, “हिला काहीतरी झालंय.” एल्बिओने बोटांची चोच केली. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, ओठांचा चंबू केला आणि काढला आवाज. बाईंना वाटलं आपण चांगला मोठ्याने काढला. एल्बिओला फक्त चंबू दिसला. नवजात उंदराने दुसऱ्या उंदराच्या कानात सांगावं इतका बारीक होता तो.

एल्बिओने गंभीरपणे मान हलवली. “कळलं,” तो म्हणाला. काही कळलं नव्हतं.

आता गाडी चालवून पाहायची, तर त्याचाही त्याचा एक नियम होता. तपासायला नेण्याआधी गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढायची. नाणी, छत्री, चष्म्याचं घर, सीटखालचं खेळणं, सगळं. कारण अर्धे आवाज तर हीच चिल्लर करते. त्याने मडममधून रुमालांची पिशवी काढली, नकाशा काढला, दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यावर ठेवलेला माटेच्या पाण्याचा थर्मास काढून अदबीने बाईंच्या काखेत दिला, जिथे गावातल्या प्रत्येक माणसाच्या काखेत तो असतोच. आणि निघाला. पुलापर्यंत गेला, परत आला. हळू, जोरात, चढ, उतार, डावं, उजवं. क्लच दाबून घरंगळत. काही नाही. मडम मांजरीसारखी गुरगुरत होती, बस.

दुसऱ्या कुणा मेकॅनिकने सांगितलं असतं, बाई, आवाज नाहीये. एल्बिओला ते सांगवेना. त्याला वाटलं, आवाज आहे, मला येत नाहीये.

म्हणून त्याने खड्ड्यात उतरून शाफ्टच्या दोन्ही क्रॉसांना ग्रीस भरलं. इंग्रजांनी त्या गाडीत यासाठी वरूनच सोय ठेवली होती. दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यात एक भोक, त्याला रबरी बूच आणि वर गालिच्याची झडप. पण एल्बिओ त्या भोकाला कधी हात लावत नसे. ते भोक गुडघे दुखणाऱ्यांसाठी, असं तो म्हणायचा, मी अजून खड्ड्यात उतरतो. गाडी परत गेली. दोन्या सुल्मा दुसऱ्या दिवशी हजर. मास्तर, आहे अजून. कधी येतो, कधी जातो, माझी फिरकी घेतल्यासारखा. त्याने क्रॉसच बदलले. बाई परत हजर. त्याने चाकांची बेअरिंगं काढली, हाउसिंगचं तेल चाळणीतून गाळून त्यात लोखंडाचा कीस शोधला, एक्सलला स्क्रूड्रायव्हर लावून डोळे मिटून बसला. सगळ्या घरात शांतता. चोर नाहीच.

शेवटी त्याने निबियाला शेजारी बसवून मडम पुलापर्यंत नेली. परत येताना विचारलं, ऐकू आला?

“नाही,” निबिया म्हणाली. “काही आवाज नाही हिला.”

एल्बिओने गाडी ओम्बूखाली थांबवली. “रातकिड्यांसारखा नाही?”

निबियाला सांगायचं होतं की या वेळी मी खरं बोलतेय, पण जिने एकदा रातकिडे मारले तिचं ऐकणार कोण. एल्बिओने सावकाश सांगितलं की रविवारपर्यंत हा आवाज सापडला नाही तर तो शेडला कुलूप लावणार. जो ऐकत नाही त्याने लोकांच्या गाड्या उघडू नयेत. ग्रिसेल्दा कधीची म्हणत होतीच, इकडे या, खोली रिकामी करून देते.

“सातव्या मजल्यावर?” निबियाने विचारलं.

“लिफ्ट आहे.”

“गाड्या येतात का लिफ्टने?”

त्याला सातव्या मजल्यावरचा आपण दिसला, खिडकीत खुर्ची टाकून बसलेला, आणि खाली रस्त्यावरून हजार गाड्या चाललेल्या, एकीचंही दुखणं कळत नाही.

निबिया गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. ती सरळ विल्मारकडे गेली.

विल्मार पेर्दोमो हा गावाचा पोस्टमन आणि ‘गळके रेडिएटर’ या मुर्ग्याचा नकलाकार. मुर्गा म्हणजे कार्निवालात तोंडं रंगवून, चिंध्यांचे झगे घालून गावाची टोपी उडवणाऱ्या गाणाऱ्यांचा फड. या फडाच्या तालमी एल्बिओच्याच शेडमध्ये चालत, कारण एवढं मोठं छप्पर दुसरं नव्हतं, आणि एल्बिओ त्यांचा मोठा ढोल वाजवायचा. विल्मारकडे एक दैवी देणगी होती आणि तीच त्याची पंचाईत होती. ऐकलेलं सगळं त्याच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर यायचं. नोटरीसाहेबांना तो नमस्कार करायचा तोही नोटरीसाहेबांच्याच आवाजात, आणि त्याला ते कळायचंही नाही. पत्र देताना म्हातारीच्या कुत्र्यासारखा भुंकायचा. एकदा फादरांसमोर कबुलीजबाब देताना त्याने फादरांचाच खोकला काढला, तर फादरांनी दोघांनाही माफ करून टाकलं.

निबियाने त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी विल्मारची मोपेड दोन्या सुल्मांच्या दारासमोर अगदी योगायोगाने पंक्चर झाली. बाईंनी त्याला पोस्टापर्यंत सोडलं. रस्त्यात त्याला उरुग्वेच्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे म्हणायला लावल्या, एक चुकली म्हणून परत म्हणायला लावल्या. पण विल्मारचे कान उघडे होते.

शनिवारी संध्याकाळी, ऊन ओम्बूच्या फांद्यांतून तिरपं शेडमध्ये येत असताना, फड जमला. मडम मधोमध उभी होती. दोन्या सुल्मा तिला घेऊन जायला आल्या होत्या, काखेत थर्मास, हातात माटेचा भोपळा, कपाळावर आठी. एल्बिओ ढोलापाशी खाली मान घालून बसला होता. ती त्याची शेवटची तालीम होती, हे त्याने ठरवून टाकलं होतं.

विल्मारने जाहीर केलं की आज गाणं नाही, आज गाडी गायची. पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं चेष्टा आहे. पण त्याने वाटणी सुरू केली. जाड आवाजांच्या तिघांना इंजिन दिलं, “घुर्र, घुर्र.” खाटकाला सायलेन्सर, तो त्याला शोभला. मधल्या आवाजांना गिअरबॉक्सची “ऊंऽऽऽ” आणि चाकांची सळसळ. झांजवाल्याला सैल काच. निबियाला क्लच, कारण लग्नाआधीपासून तिचा त्यात हात बसला होता. एल्बिओने ढोलावर शाफ्ट धरला. एक, दोन, आणि शेडमध्ये मडम अशी चालू झाली की ओम्बूवरचे पोपट उडाले. बाहेर दोन मोटारसायकलवाले थांबून आत कोणती गाडी आहे ते वाकून बघू लागले.

मग दोन्या सुल्मांना विचारून एकेक कमी करायला सुरुवात झाली. हा आवाज तुमचा? नाही. मग सायलेन्सर गप्प. हा? नाही. गिअरबॉक्स गप्प. बाई खुर्चीवर बसून भूगोलाच्या तासासारखं बोट दाखवत होत्या आणि ज्याच्याकडे बोट जाईल तो लगेच गप्प बसून हाताची घडी घालत होता, कारण सगळे त्यांचेच विद्यार्थी. शेवटी उरला एल्बिओचा ढोल आणि विल्मार.

विल्मारने डोळे मिटले. “ठप्प,” तो म्हणाला. मग बारीक: “चिक्... चिक्... चिक्, चिक्, चिक्चिक्चिक्.”

“हाच,” दोन्या सुल्मा म्हणाल्या.

एल्बिओला विल्मारचे ओठ दिसले. त्याने ढोलाची काठी मांडीवर ठेवली. फडाकडे पाहिलं, निबियाकडे पाहिलं, आणि सांगून टाकलं.

“मला नाही ऐकू येत हा. मला रातकिडेसुद्धा ऐकू येत नाहीत.”

खाटकाने पाय बदलला.

“कधीपासून?” विल्मारने विचारलं.

“दोन वर्षं झाली.”

“तीन,” सगळा फड एका सुरात म्हणाला.

मग कळलं ते असं, की गेले तीन कार्निवाल एल्बिओ माउथ ऑर्गनचा पहिला सूर ऐकून नाही, तर निबियाचं पाऊल पाहून ढोल सुरू करत होता, आणि निबियाने एकदा नवे बूट घट्ट होतात म्हणून पाऊल आपटलं तर त्याने भर चौकात मेयरच्या भाषणाच्या मध्येच ढोल बडवला होता. कुणी बोललं नव्हतं, कारण ढोल भाषणापेक्षा बरा होता. आणि बँकेचे मॅनेजरसुद्धा हल्ली मुद्दाम पोटातून “टण्ण” काढत होते.

“तुला येईल असा काढतो,” विल्मार म्हणाला. “जाड करून.” त्याने गळा खाली नेला, अगदी पोटात, वाळूच्या बार्जएवढा खाली. “ठप्प. ढुक्... ढुक्... ढुक्, ढुक्, ढुक्ढुक्ढुक्.”

आता एल्बिओ उठला. तीन वर्षांनी पहिल्यांदा त्याला एखादा पातळ आवाज भेटत होता, बारीक पोराने बापाचा कोट घालून यावं तसा. चाकांबरोबर वाढतोय. शाफ्टच्या फेऱ्यालाच एक. क्रॉस नाही, क्रॉस दोनदा बोलला असता. काहीतरी बाहेरून टेकतंय, घासतंय.

“परत.”

“ठप्प. ढुक्... ढुक्...”

“परत.”

“ठप्प. ढुक्...”

“थांब. ते ठप्प काय आहे?”

विल्मारने डोळे उघडले. “कुठलं ठप्प?”

त्याला माहीतच नव्हतं. फडाने त्याला सांगितलं की तू दर वेळी आधी ठप्प म्हणतोस. विल्मारने आठवून पाहिलं आणि सांगितलं की असेल, बाईंच्या गाडीत तो आवाज तसाच सुरू झाला, आधी ठप्प मग चिकचिक. मी काय त्यातलं अर्धं गाळू?

सगळ्यांनी दोन्या सुल्मांकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, ठप्पबिप्प मी काही करत नाही. एल्बिओने त्यांना विनंती केली की गाडीत बसा आणि रोज निघताना जे करता ते करा, काही गाळू नका. बाई बसल्या. रुमाल बांधला. आरशात पाहिलं. हॉर्नवर बसलेली धूळ पुसली. समोर ओफेलियाची खिडकी आहे असं समजून तिकडे एक नजर टाकली. भोपळा गुडघ्यांत धरला, आणि थर्मास उचलून दोन सीटांच्या मधल्या उंचवट्यावर ठेवला.

ठप्प.

हा आवाज जाड होता. एल्बिओला तो स्वच्छ ऐकू आला.

“थर्मास,” तो म्हणाला. मग जोरात हसायला लागला, इतका की त्याला मडमच्या दाराला धरून उभं राहावं लागलं. ज्या थर्मासला तो दर वेळी नियमाने गाडीबाहेर काढत होता, अदबीने बाईंच्या काखेत देत होता, तो तिथे असला तरच आवाज येत होता. बाई माटे ओतायला थर्मास उचलत त्या गाडी उभी करूनच. म्हणून त्यांनाही कधी कळलं नाही. आवाज त्याच्या कानांतून निसटला नव्हता. तो चालवायला बसला तेव्हा आवाज गाडीत नव्हताच.

“मी सांगत होते,” निबिया म्हणाली. “मी फक्त रातकिड्यांचं खोटं बोलले होते, म्हाताऱ्या.”

एल्बिओने थर्मास बाजूला केला आणि गालिच्याची झडप उचलली. खाली ते रबरी बूच, गुडघे दुखणाऱ्यांसाठीचं, जे त्याने आयुष्यात कधी उघडलं नव्हतं. जुनं होऊन मधोमध चिरलं होतं, आणि त्या चिरेत अडकून एक चांदीचा फुगीर कांदा चमकत होता. त्याने दोन बोटांनी धरून हळूच ओढला. हातभर नाही, वीतभर लांब, बारीक, खाली उतरलेली चांदीची नळी बाहेर आली. वर थर्मास ठेवला की रबर दबायचं आणि नळीचं टोक फिरत्या शाफ्टला टेकायचं. उचलला की रबर उसळून नळी वर. कधीतरी भोपळ्यातून निसटून ती झडपेखाली सरकली असणार आणि बूच चिरलं तशी खाली उतरली. सोन्याची कड एका बाजूने घासून तिरपी झाली होती. मधे अक्षरं होती, दॉन अनास्तासिओंची.

शेडमध्ये असं काही शांत झालं की ओम्बूवर पोपट परत येऊन बसले ते ऐकू आलं. एल्बिओला नाही, बाकीच्यांना.

दोन्या सुल्मांनी नळी हातात घेऊन अक्षरं बोटाने चाचपली. “हे ओफेलियाने इथे कधी ठेवलं?” त्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. म्हणजे प्रयत्न तसाच होता. पण खाटकाच्या नाकातून सायलेन्सर निघाला, आणि मग कुणालाच आवरेना. दोन्या सुल्मांनी छडी असती तर ती वापरली असती. छडी नव्हती म्हणून त्या रुमालाच्या आड तोंड लपवून थोड्या वेळाने स्वतःही हसू लागल्या. मग गंभीर झाल्या, कारण आता रस्ता ओलांडून समोरच्या घरात जायचं होतं, आणि सगळ्या नद्या, सगळे डोंगर पाठ असलेल्या बाईंना तेवढा रस्ता फार रुंद वाटत होता.

तरी त्या गेल्या. रविवारी मडम मिरवणुकीच्या अगदी पुढे होती आणि बाईंच्या शेजारी ओफेलिया बसली होती, थर्मास मांडीवर घेऊन, कारण उंचवट्यावर तो ठेवायला आता मनाई होती. चांदीच्या नळीतून दोघी आळीपाळीने माटे पीत होत्या. चौकात पोचेपर्यंत पाणी फार गरम, वेग फार कमी, आणि भाऊ असा चालवत नसे, एवढ्या गोष्टींवर त्यांचं भांडण झालेलं होतं. एल्बिओ ढोल गळ्यात अडकवून कडेला उभा होता. विल्मारने त्याच्या कानाशी वाकून मडमचा ताजा आवाज जाड करून दिला: खाली घुर्र, वर नणंद, त्यावर भावजय. हा दुरुस्त होत नाही, असं एल्बिओने निदान केलं. त्या रात्री फडाने नळीवर नवं गाणं म्हटलं आणि त्यात ‘ठप्प’ आलं की सगळं गाव पाय आपटत होतं.

सोमवारी सकाळी ग्रिसेल्दाचा फोन आला. खोली रिकामी केली आहे, कपाटही हलवलं, कधी येताय?

एल्बिओ म्हणाला, येत नाही. कपाट परत जागेवर ठेव.

पलीकडे मुलगी जरा रागावली, जरा रडवेली झाली, मग जरा गप्प झाली. निबिया फोनला कान लावून उभी होती. तिला वाटलं फोन ठेवला.

“बाबा,” ग्रिसेल्दा म्हणाली, आवाज खाली आणत, शेजारी नवरा ऐकणार नाही अशा बेताने. “आमच्या गाडीला ना, हल्ली...”

“शब्द नको,” एल्बिओ म्हणाला.

सातव्या मजल्यावरून, जाड, बापाला ऐकू येईल अशा पोटातल्या आवाजात आली ती लकेर: “उंऽऽऽ, उंऽऽऽ, ग्रंऽऽ.”

एल्बिओने खुर्ची ओढून घेतली आणि डोळे मिटले.

“परत काढ,” तो म्हणाला. “आणि सांग, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर येतो का?”